दगडावरचा वाटा

लहानूकाका म्हटलं की मला आधी त्यांची पाठ दिसते, चेहरा नंतर. उन्हाने रापलेली, मणके मोजता येतील अशी, डाव्या खांद्याखाली जाळ्याच्या दोरीने काचून पडलेला पांढुरका वळ असलेली पाठ. तळ्याच्या काठावर, धुण्याच्या दगडांसमोर, घोट्याइतक्या पाण्यात ते आमच्याकडे पाठ करून उभे राहत. त्यांच्या मागे मासळीचे ढीग, ढिगांमागे आम्ही सगळे, हातात टोपली, घमेली, पातेली. कोणीतरी काठी एका ढिगासमोर आपटून विचारायचं, "हा कोणाचा?" काका मागे न पाहता एक नाव घ्यायचे. ज्याचं नाव पडलं त्याचा ढीग. त्यावर अपील नव्हतं.

आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाच्या अलीकडे. तळं एवढंसं आहे की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्याला ओरडून उत्तर द्यावं लागत नाही. ग्रामपंचायतीने ते सतरा घरांच्या गटाला मासे पाळायला दिलं. पाऊस स्थिरावला की त्यात रोहू, कटला, मृगळाची बोटभर पिल्लं सोडायची, वर्षभर भुईमुगाची ढेप आणि कोंडा घालायचा आणि वैशाखात पाणी कमरेइतकं झालं की जाळं ओढायचं. बाकीचा माल सेलूच्या बाजारात जाई, पण जाळ्याची पहिली ओढ विकायची नाही, ती घरोघरी वाटायची, असं ठरलं होतं. वर्षभर ज्या पाण्याची राखण केली त्यातली मासळी आधी आपल्या चुलीवर शिजली पाहिजे, हा काकांचा हट्ट. ते जातीने ढिवर, सतरा घरांत मासळीचं खरं ज्ञान असलेले एकटेच, त्यामुळे हा हट्ट चालला.

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे आणि आमच्या घरात पिठाच्या डब्याखालीसुद्धा पत्रक अंथरलेलं असायचं. "बंधूंनो आणि भगिनींनो" हे मी जोडाक्षरांसकट वाचलेले पहिले शब्द. मी दहावीत असताना वडील गेले, पण पत्रकांचे गठ्ठे राहिले आणि त्यांतली भाषा माझ्या अंगात राहिली. मी वर्ध्याला एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले, नालवाडीत खोली घेतली, पण दर वैशाखात जाळ्याच्या दिवशी गावी यायचे. समान वाटप हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. डोळ्यांनी पाहिलं होतं ते फक्त आमच्या तळ्यावर. निदान मला तसं वाटत होतं.

काका माशाला कोरड्या हाताने कोणालाही हात लावू देत नसत. एकदा एक साहेब पाहणीला आले होते. जाळ्यातला रोहू हातात धरून फोटो काढायची त्यांची इच्छा. त्यांनी बाही सावरली तोच काकांनी तांब्याभर पाणी त्यांच्या हातांवर ओतलं. निम्मं पाणी साहेबांच्या पँटवर गेलं.

"हे काय करून राह्यले?" साहेब म्हणाले.

"हात ओले करून राह्यलो जी. मासोळीच्या अंगावर सायीवानी पातळ थर असते. सुक्या हातानं थो निंघून जाते. मंग थे आठ-दहा दिवसानं मरते, अन् आमी म्हनतो देवानं मारली."

साहेबांनी फोटो काढला. त्या फोटोत मासा छान आला आहे, पँट नाही.

पिल्लं किती वाढली हे पाहायला ते पंधरा दिवसांनी एकदा गरी टाकून बसत. गरीचं उलटं नख त्यांनी कानशीने घासून टाकलं होतं, म्हणजे माशाच्या ओठाला फक्त टोचावं, फाटू नये. ज्वारीचं पीठ, ढेप आणि वाळलेल्या मोहफुलाचा चुरा मळून गोळी करायची. तीन मासे धरायचे, प्रत्येकाला आपल्या हाताच्या कोपराशी लावून मनगटापर्यंत मोजायचं, कल्ले उघडून रंग पाहायचा आणि पाण्यात हात बुडवून सोडून द्यायचं. "टेप घ्या की काका एखादी," मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "टेप कोनी उचलून नेते. हात नेत नाई."

वर्ध्याचे एक गुरुजी महागडी काठी आणि चकरी घेऊन गळ टाकायला आले होते, तेव्हाही काका शेजारी जाऊन बसले. सकाळभर गुरुजींना काही लागलं नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले की या तळ्यात मासेच नाहीत. काका म्हणाले, "मासोळ्या आहेत ना गुरुजी. पन सूर्य तुमच्या मांगं आहे. तुमची सावली सकाळपासून पान्यात बसली आहे, अन् त्या तिलेच पाहून राह्यल्या. तुमच्याकडं कोन येईन?"

आणखी एक सवय होती, तिची गावात थट्टा व्हायची. वाटणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका गल्लीगल्लीतून हिंडत आणि घरांमागचे उकिरडे पाहत. कोणाच्या दारी खवले किती, डोकी टाकली आहेत की शिजवली आहेत, काटे कसे चोखले आहेत. "काका, आज कोनाचं जेवन मोजून राह्यले?" असं बाया विचारत. काका हसत आणि पुढे जात. कटल्याचं डोकं उकिरड्यावर दिसलं की मात्र त्यांचा चेहरा बदले. "या घरी भूक नाई," एवढंच ते म्हणत. मला ते म्हाताऱ्या माणसाचं चक्रमपण वाटायचं.

आता पुनाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या गोंड. त्यांचा नवरा तळ्याचा पहिला राखणदार, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झोपडीत दोघं राहत. नवरा सापाने गेला. पुनाबाई तिथेच राहिल्या. शेळ्यांशी गोंडीत बोलायच्या, माणसांशी मराठीत, आणि भांडण असेल तेव्हा दोन्हींत. पाणकावळ्यांचा थवा उतरला की त्या झोपडीतून गोफण घेऊन निघायच्या आणि एक दगड असा पाण्यावर टाकायच्या की थवा हिंगणीपर्यंत मागे पाहत नसे. पण गटाच्या अर्जावर त्यांची सही नव्हती, गावच्या कुठल्याच कागदावर नव्हती. घरं सतरा होती आणि ढीग मात्र काका अठरा लावत. अठराव्याला ते "पाळीचा" म्हणत. पाळ तळं धरून ठेवते, तिचाही वाटा. पाळीचं नाव पडलं की पुनाबाई आपलं टोपलं घेऊन उठत, कोणाकडे न पाहता ढीग भरत आणि जात. बारा वर्षं कोणी त्याबद्दल एक शब्द बोललं नव्हतं.

काठी धरायचा मान बाहेरच्या माणसाचा, ज्याचा ढिगांत वाटा नाही त्याचा. कधी कोणाचा जावई आलेला असे, कधी पोस्टमन. दोन वर्षांपूर्वी असं कोणी नव्हतं. काठी फिरत फिरत माझ्याकडे आली.

"माह्या मायचा वाटा आहे ना काका," मी म्हटलं.

"तुह्या मायचा आहे. तू आता वर्ध्याची झाली," काका पाण्यात उतरत म्हणाले. लोक हसले. मला ते टोचलं, पण काठी घेतली.

धुण्याचे दगड सहा. सपाट, काळे, घासून घासून गुळगुळीत झालेले. सहा ढीग त्यांवर, बाकीचे बारा शेजारच्या मातीवर पळसाच्या पानांवर. वरून पाहिलं तर सगळे सारखे. मी पहिल्या दगडावर काठी आपटली. टक्. "गिरजाबाई," काका म्हणाले. मग मातीवर. धप्. "खुशाल." पुन्हा माती. "दादाराव." मग दगड. टक्. काका क्षणभर थांबले आणि माझ्या आईचं नाव घेतलं.

त्या क्षणभराने माझं लक्ष गेलं. मी मुद्दाम उड्या मारायला लागले, एक माती, दोन दगड, पुन्हा माती. आवाज दोनच होते. आणि टक् वाजलं की नावं ठरलेली. गिरजाबाई, जिचा मुलगा अंथरुणावर होता. दोन भूमिहीन घरं. एक दारुड्याची बायको. आमचं घर. आणि सगळ्यांत शेवटी, सहाव्या दगडावर, पाळ.

घरी येऊन मी आमचा ढीग उलगडला. वर दोन लहान मृगळ, जसे सगळ्यांच्या ढिगावर होते. खाली कटल्याची जाडजूड पोटाची पेटी, अख्खं डोकं, रोहूचे मधले तुकडे. संध्याकाळी घरोघरी मासळी शिजली तेव्हा मी खुशालभाऊंच्या अंगणात गेले. खुशाल म्हणजे गटाचे सचिव, गावात त्यांचं किराणा दुकान आणि ट्रॅक्टर. त्यांची म्हातारी आई खाटेवर पडल्यापडल्या मृगळाच्या शेपटीकडचा तुकडा बोटांनी उकलत होती, काटे एकेक करून वाटीत ठेवत होती. त्यांच्या ढिगात वरपासून खालपर्यंत तेच निघालं होतं.

बारा वर्षांचं समान वाटप. परत येऊन मी आईला दगडांचं सांगितलं.

"मले मालूम आहे," आई म्हणाली. ती जेवत होती. "पहिल्या वर्षी आपन गटात नव्हतो, एक घर निंघालं तवा मंग आलो. त्या साली काठी तुह्याच बाबानं धरलती."

"मग बाबा बोलले का नाईत?"

"घरी आले, हात धुतले, अन् जेवले," आई म्हणाली. "जेव तू."

मी जेवले नाही. वर्ध्याला परत गेले आणि एक पान लिहिलं. मथळा दिला: "वाटा की मेहेरबानी?" मला आजही तो मथळा चांगला वाटतो, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. मी लिहिलं की ज्याला हक्काचं कमी मिळालं आणि ज्याला गुपचूप जास्त मिळालं, त्या दोघांचाही अपमान झाला आहे. की जास्त मिळालेल्यांत आमचं घर आहे, आणि आम्हाला ते नको. की एका माणसाने, मग तो कितीही भला असो, पाठ करून गावाचा न्याय करू नये. अठरा ढीग, त्यांपैकी सहा दगडांवर, हे मी आकड्यांत लिहिलं, कारण पत्रकात पुरावा पाहिजे.

छापण्याआधी काकांना दाखवणं मला आवश्यक वाटलं. लपूनछपून करायचं नव्हतं. ते झाडाखाली जाळ्याची भोकं शिवत बसले होते. मी वाचून दाखवलं. ते सुई न थांबवता ऐकत राहिले.

"'फसवणूक' लिवलं काय?"

"हो. नको असेल तर दुसरा शब्द घालते."

"राहू दे. बराबर आहे." त्यांनी दोऱ्याची गाठ दाताने तोडली. "फक्त पुनाचं नाव टाकू नको."

"पुनाबाईचा यात काय संबंध? त्यांचं नाव कुठंच नाई."

"मंग छाप."

मी पान घडी घातलं. निघताना विचारलं, "काका, तुम्ही सरळ सांगून का नाई केलं? सभेत म्हणायचं होतं, यांना गरज आहे, यांना जास्त देऊ."

काका पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "सांगून देल्ली असती तं त्यायनं घेतली असती काय? तुह्या मायनं घेतली असती?"

माझ्याकडे उत्तर होतं. तेव्हा माझ्याकडे सगळ्याला उत्तर होतं. मी म्हटलं, लोकांना हक्काची सवय लावली पाहिजे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जाळं मांडीवर ओढलं.

गटाची सभा समाजमंदिरात दुपारी भरली. मी प्रती वाटल्या. कोणी वाचलं, कोणी वाचून घेतलं. मग खुशालभाऊ उठले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळू बोलले.

"माही माय बारा वर्षं झाली खाटेवर आहे. तिले कटल्याचं डोकं लय आवडते. दर साली वाटनीच्या दिवशी विचारे, या खेपी निंघालं काय रे? मी म्हनो, नाई निंघालं माय, नशिबात नाई. बाजारातून आनून देल्लं तं तोंडात घालून म्हने, हे आपल्या तळ्याचं नोहे. बारा वर्षं म्या नशिबाले शिव्या देल्या, काका. तुमाले द्याले पाह्यजे होत्या."

 लहानूकाका भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. 

"हे मले मालूम नव्हतं," ते म्हणाले.

"तुमाले तं सगळ्यायचे उकिरडे मालूम होते."

"हो. मले वाटे, तुह्या घरी भूक नाई." मग ते म्हणाले, "तुह्या उकिरड्यावर डोकं नसे. म्या समजलो, मीच नाई देल्लं तं दिसन कसं. पन काटे पाह्याचे होते. थे म्हातारी कशी चोखते, हे पाह्याचं राह्यलं."

त्यांनी उठून खुशालभाऊंसमोर हात जोडले आणि म्हणाले की यापुढे ते नाव घेणार नाहीत. मला माझं पत्रक जिंकल्यासारखं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तसंच वाटलं. खुशालभाऊंच्या म्हातारीवर बारा वर्षं अन्याय झाला होता आणि तो माझ्या एका पानाने थांबला होता. ते आजही खरं आहे.

मग खुशालभाऊंनी पान पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. "अन् हे अठरा काय आहे? घरं तं सतरा."

 दादाराव म्हणाला, "थो पाळीचा असते ना."

"पाळ कोन? पाळीची सही कुठी आहे?"

बारा वर्षं सगळ्यांनी तो ढीग पाहिला होता आणि विचारलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं एकदा छापलं की त्याचा जाब द्यावा लागतो, हे मी छापखान्यात काम करूनही शिकले नव्हते. मी उठले. बोलले. पुनाबाईंचं नाव यादीत घ्या, त्या राखण करतात, पहिला हक्क त्यांचा, असं सगळं बोलले, बरंच जोरात. खुशालभाऊ म्हणाले, "आमी कुठी नाई म्हनतो? अर्ज करा. रहिवासी दाखला जोडा. तूच तं लिवलं ना, पाठ करून न्याय नको म्हनून. आता तोंड करून करू."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. ते माझंच वाक्य होतं.

मी अर्ज लिहिला. दाखल्यासाठी पुनाबाईंच्या नवऱ्याचे कागद लागत होते, ते नव्हते. मग शपथपत्र, मग त्या झोपडीची जागा नेमकी कोणाची हा प्रश्न. मी तीनदा सेलूला गेले. अर्ज अजून तिथे आहे.

पुढल्या वैशाखात पाळीवर टेबल आलं. टेबलावर खुशालभाऊंच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, शेजारी वही. आधी सगळी मासळी कापली, मिसळली आणि सतरा भाग काट्याने केले, एकसारखे. नाव वाचायचं, सही करायची, न्यायचं. कटल्याची डोकीही चिठ्ठ्या टाकून दिली. खुशालभाऊंच्या आईला त्या वर्षी डोकं मिळालं. खुशालभाऊ ते पातेल्यात घेऊन, दुकान बंदच ठेवून, घरी गेले. पाठमोऱ्या चाललेल्या त्या माणसाला पाहून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

लहानूकाका जाळं ओढायला होते. ओढ झाल्यावर त्यांनी आपला भाग घेतला, अंगठा उमटवला आणि धुण्याच्या दगडांशी जाऊन बसले. त्या पावसाळ्यात त्यांची मुलगी त्यांना नाचणगावला घेऊन गेली. तिथेच ते दिवाळीनंतर वारले. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. म्हणून तळ्यावरची ती दुपार हीच माझ्याकडची त्यांची शेवटची गोष्ट.

त्या दुपारी सगळे गेल्यावर मी आमचा भाग पातेल्यात घेऊन पाळीवर झोपडीशी गेले. पुनाबाई दारात बसून शेळीच्या पायातला काटा काढत होत्या. त्यांचं टोपलं दाराशी पालथं होतं.

"पुनाबाई, हे घ्या."

त्यांनी पातेल्यात पाहिलं. "कोनाचं आहे?"

"आमच्या घराचं. मायनं सांगितलं देऊन ये म्हणून."

"लहानूनं पाळीचं नाव घेतलं काय?"

"आता नाव घेत नाईत. आता काटा आहे."

"मंग हे तुमचं आहे," पुनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेळीचा पाय हातात घेतला. "ने. म्या कधी कोनाच्या घरचं मांगून खाल्लं नाई."

मी पातेलं पुन्हा कमरेवर घेतलं. वाटा की मेहेरबानी, हा मथळा मी छापला होता. त्याचा अर्थ त्या बाईने मला न वाचता सांगितला.

परत येताना दगडांपाशी काकांनी हाक मारली. "पोरी, इकडं ये. थे पुनाची काठी घेऊन ये, शेळ्यायची." त्यांनी सगळं पाहिलं होतं. तळं लहान आहे म्हणाले ना मी.

मी काठी आणली. पुनाबाई आपली काठी कोण नेतंय हे पाहायला मागोमाग पाळीच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. काकांनी आपल्या भागाचे दोन ढीग लावले होते. एकात पोटाची जाड पेटी आणि रोहूचे दोन तुकडे, दुसऱ्यात मृगळाच्या शेपट्या. दोन्ही पळसाच्या पानांवर, दोन्ही मातीवर. सहाही दगड रिकामे होते, धुतलेले, उन्हात वाळत आलेले.

"या खेपी दोनी मातीवर आहेत," काका म्हणाले. "तुह्या कागदावानी. मले काही समजनार नाई. अन् तू कोनत्या ढिगावर आधी जाशीन, हेई मले मालूम नाई. आता तं फसवनूक नाई ना?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग इचार."

ते पाण्यात उतरले, घोट्याइतक्या, आणि आमच्याकडे पाठ केली. पाठ बारीक झाली होती. खांद्याखालचा तो वळ तसाच होता.

मी पेटीच्या ढिगासमोर आले. काठी उचलली. माती समोर होती आणि सगळ्यांत जवळचा दगड उजवीकडे वीतभर. मी नियम जाणत होते. तो मीच छापला होता.

काठी मी दगडावर आपटली. टक्.

पाळीवर पुनाबाई उभ्या होत्या. पाण्यावर एक पाणकावळा बसला होता, त्यांनी त्याला हाकललं नाही.  काकांनी मोठा श्वास घेतला, तो मला त्या मणक्यांवरून दिसला.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

"पाळीचा," ते म्हणाले.

पुनाबाई झोपडीकडे गेल्या, टोपलं सुलटं केलं, घेऊन आल्या आणि नेहमीसारखं कोणाकडे न पाहता ढीग भरला. दुसऱ्या ढिगासमोर मी काठी मातीवर आपटली आणि काकांनी स्वतःचं नाव घेतलं. आता ते वळतील आणि मला काहीतरी म्हणतील, म्हणून मी काठी धरून तिथेच थांबले. ते पाण्याकडेच पाहत राहिले.